एकतर्फी प्रेमात हरलेला हळवा नायक वाचकांना इतका का भावतो?

एकतर्फी प्रेमात पोळलेले हळवे नायक वाचकांना इतके जवळचे का वाटतात, असे आपण विचारले आहे. सोलापुरात एका ग्रंथालयाच्या देवघेव विभागात मी बरीच वर्षे काम केले. तेथे जे पाहिले त्यावरूनच उत्तर देतो.

यंत्रमागावर काम करणारे, पूर्व भागातले एक सभासद प्रेमकथा नेताना न चुकता ‘पोरीला पायजे होतं’ असे म्हणत. पुस्तक परत आले की पानांत खूण म्हणून मागावरच्या सुताचा तुकडा असे आणि पानांना तंबाखूचा वास येत असे. घरात ‘जेवलास का’ यापलीकडे ज्याला मनातले काही बोलता येत नाही, अशा पुरुषाच्या वतीने पुस्तकातला नायक बोलतो, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

तथापि नायक नुसता रडका असून भागत नाही. नकार मिळाल्यावर तो त्या स्त्रीशी कसा वागतो, यावर बरेच ठरते. रशियन लेखक दस्तयेवस्की यांच्या १८४८ सालच्या ‘व्हाइट नाइट्स’ या कथेतला निनावी नायक नास्तेन्काच्या प्रेमात असूनही तिने दुसऱ्यासाठी लिहिलेले पत्र पोचते करण्याचे काम अंगावर घेतो, आणि ती त्या दुसऱ्याबरोबर निघून गेल्यावरही तिचे भलेच चिंततो. (नकारानंतर मुलीचा पिच्छा पुरवणारा, मनगट कापून घेण्याची धमकी देणारा सिनेमातला नायकही हळवा म्हणून खपवला जातो, मला तो वसुलीला आलेला सावकार वाटतो.)

देवदासला अनेक जण याच रांगेत बसवतात, ते मला पटत नाही. शरच्चंद्रांच्या १९१७ सालच्या त्या कादंबरीत पार्वती स्वतः रात्री त्याच्या खोलीत आली होती. कच खाल्ली ती त्याने.

खरा एकतर्फी प्रेमवीर पाहायचा तर आमच्याच जिल्ह्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांच्या, २०१४ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘फँड्री’ या चित्रपटातला जब्या पाहावा. काळ्या चिमणीची राख शालूच्या अंगावर टाकली की ती आपली होईल, या आशेवर तो माळरानात गलोल घेऊन हिंडतो, आणि हे घडणार नाही हे प्रेक्षकाला त्याच्या कितीतरी आधी कळलेले असते; जीव गुंततो तो या आधी कळण्यामुळेच. पुढे शाळेतल्या मुलांदेखत त्याला जातीचे काम म्हणून डुकरामागे धावावे लागते आणि बघ्यांत शालूही असते. मी चित्रपट पाहिला तेव्हा पुढच्या रांगेतली पोरे या पळापळीला आधी खदखदून हसली, मग एकेक करून गप्प झाली. इतर नायकांना निदान नकार तरी ऐकायला मिळतो. जब्याला शालूने नकारही दिलेला नाही, कारण तिला विचारण्याइतके जवळ जाणेच त्याच्या जातीने त्याला शक्य ठेवलेले नाही.