चष्म्यात खिडकी दिसते

प्रश्न : आजीचा फोटो खिडकीशी काढते. चष्म्यात खिडकी चमकते आणि कॅमेरा दिसला की आजी ताठरते. काय करू?

उत्तर : चष्म्याच्या काड्या कानावरून अर्धा सेंटिमीटर वर उचला. काचा खाली झुकतात नि चमक लेन्सकडे न येता खाली जाते. तरीही राहिली तर खुर्ची थोडी फिरवा. चष्मा मात्र काढू नका, नाकावरचे वळ दिसतात. अंधाऱ्या गालाच्या बाजूला दोन फुटांवर पांढरी चादर धरा, खिडकीचा उजेड तिच्यावरून परतून गालावर पडेल. शटरचा वेग १/१२५ सेकंद, फोकस कॅमेऱ्याला जवळच्या डोळ्यावर.

ताठरपणाचं म्हणाल, तर ‘हसा’ म्हणणं सोडा. हातात निवडायला तांदळाचं ताट द्या. आठ-दहा फोटोंनंतर स्क्रीन आजींनाच दाखवा, पदर कसा हवा ते त्याच सांगतील.