टेंट गळला म्हणून काजवे सोडायचे का? (तुमचे प्रश्न, आमची उत्तरं)

प्रश्न : गेल्या वर्षी जूनच्या सुरुवातीला आम्ही भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलो होतो, टेंट बुक केले होते. संध्याकाळी जो वळीव कोसळला, टेंटमध्ये खालून पाणी, गाद्या ओल्या, पाच वर्षांचा मुलगा रडून रडून झोपला आणि सासूबाई म्हणाल्या आता पुन्हा नाव काढू नका. पण मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला यंदा परत जायचंय, रोज विचारते. नेऊ का? की पाऊस नसेल तेव्हाच जावं?
– एक आई, ठाणे

उत्तर : ताई, न्याच. आणि पाऊस नसेल तेव्हा जाऊ म्हणाल तर काजवेही नसतील हो. मेच्या शेवटापासून साधारण जूनच्या मध्यापर्यंत, वळवाच्या सरी पडून हवेत दमटपणा आला की ते निघतात आणि खरा पावसाळा जोरात लागला की संपतात. म्हणजे तुम्हाला जे बघायचंय ते पावसाच्या तोंडावरच असतं, त्यामुळे पाऊस येणार असं धरूनच सगळी आखणी करायची, मग त्याचा त्रास बराच कमी होतो.

वळवाची एक सवय लक्षात ठेवा. सकाळी कडक ऊन, दुपारनंतर ढग भरून येतात, संध्याकाळी वारा सुटतो, गडगडाट, धो धो पाऊस, आणि पुष्कळदा तास-दोन तासांत ओसरतोही. म्हणून तीनच्या आत पोचा. बहुतेक लोक शुक्रवारी ऑफिस करून निघतात, अंधारात पोचतात, टेंट कुठे लागलाय ते बघतही नाहीत, आणि तिथेच सगळं बिघडतं.

उजेडात टेंट नीट बघा. तुमच्याकडे पाणी खालून आलं ना, ते बहुतेक कशामुळे सांगते. टेंटखाली जी ताडपत्री किंवा प्लास्टिक अंथरतात ते चार बोटं जरी बाहेर डोकावत असेल तरी छपरावरून ओघळणारं पाणी त्याच्यावर पडतं आणि सरळ टेंटच्या पोटाखाली जातं, मग वरचं कापड कितीही भारी असो, रात्रभर तुम्ही डबक्यावर झोपलेले असता. ती कड आत दुमडून टाका, दोन मिनिटांचं काम आहे. वरचं कव्हर आतल्या कापडाला चिकटलेलं नको, दोऱ्या ताणून घ्या, आणि मुलांना सांगून ठेवा की आतून कापडाला बोट लावायचं नाही, कारण दोन्ही कापडं जिथे टेकतात तिथूनच थेंब आत यायला लागतात. जागा खोलगट असेल तर टेंट हलवून द्या म्हणून स्पष्ट सांगा, पैसे मोजलेत तुम्ही. ओढ्याकाठी नको, एकट्या उंच झाडाखाली तर अजिबात नको.

दुसरं म्हणजे कोरडी पिशवी. प्रत्येकाचा झोपायचा एक जोड, मोजे, कानटोपी, सगळं जाड प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून, आणि ती झोपायच्या आधी उघडायची नाही म्हणजे नाही! दिवसभर पोरं भिजू देत, चिखलात लोळू देत, रागावू नका, पण रात्री अंगाला कोरडं लागलं पाहिजे. लहान मुलांना पावसापेक्षा ओल्या कपड्यांवर लागणारा वारा जास्त बाधतो. जीन्स घरी ठेवा, ती दुसऱ्या दिवशीपर्यंत वाळत नाही.

सासूबाईंसाठी टेंटचा हट्ट नको. शेंडी, मुरशेत, रतनवाडी, पांजरे या बाजूला गावात घरगुती राहायची सोय होते, एक खोली घेऊन ठेवा. आजी कोरड्या, आणि तुम्हालाही अडीअडचणीला पक्कं छप्पर. जेवणही तिथेच सांगून ठेवा, भिजून आल्यावर गरम पिठलं-भाकरी आणि ठेचा समोर आला की पोरांची रड कुठल्या कुठे जाते. पण थंडी वाजते म्हणून टेंटमध्ये शेगडी, कोळसे, स्टोव्ह काहीही पेटवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत कळतही नाही.

आता ज्याची खरंच भीती धरायची ती वीज. टेंट विजेपासून वाचवत नाही, अजिबात नाही. चमकल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला की सगळ्यांनी पक्क्या घरात किंवा गाडीत, काचा वर करून, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर यायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, जवळपास वीज पडण्याचा इशारा देणारं दामिनी ॲप निघायच्या आधीच टाकून घ्या, तिथे नेटवर्क असेलच असं नाही. गाडीत बसल्या बसल्या मुलीला मोजायला लावा, चमक दिसली की एक, दोन, तीन... तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर. वीज लांब चाललीये की जवळ येतेय ते ती स्वतः सांगेल, आणि धाकटा ताईचं बघून मोजायला लागतो तेव्हा रडायचं विसरतो.

पाऊस थांबला की लगेच झोपायला जाऊ नका. थोडं थांबा. सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ अशा झाडांवर लुकलुक सुरू होते आणि मग अख्खं झाड एका लयीत उजळतं-विझतं, ते बघताना मुलांचे चेहरे बघा तुम्ही. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा, फ्लॅश बंद, गाडीचे दिवे बंद, आणि बाटलीत काजवे पकडू देऊ नका. ते जोडीदाराला खुणावत असतात, आपल्या उजेडाने त्यांचं सगळं विस्कटतं, आणि हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे.

प्रश्न : जुलैमध्ये पवना धरणाजवळ फॅमिली कॅम्पिंगचं बुकिंग करतोय. वर तुम्ही म्हणाल तशी तयारी केली तर चालेल ना?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही, मी नको म्हणेन. जूनचा वळीव येतो आणि जातो, जुलैचा मावळातला पाऊस दिवसेंदिवस हटत नाही, काही वाळत नाही, आणि धरण भरत असतं त्यामुळे काल कोरडा असलेला काठ आज पाण्यात असू शकतो. घर किंवा बंगला घ्या, दिवसा मनसोक्त भिजा, रात्री छपराखाली. हवामान खात्याने अति मुसळधार म्हटलं, म्हणजे 24 तासांत 115.6 मिमीच्या वर, तर घरीच थांबा. बुकिंग करतानाच विचारून घ्या की अलर्ट आला तर पैसे परत मिळतात का, आणि ते मेसेजवर लिहून घ्या, कारण पैसे बुडतील म्हणून लोक जातात आणि अडकतात.

प्रश्न : स्वतःचा टेंट आहे, पावसातून आणल्यावर काळे डाग पडले आणि वास येतोय. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ती बुरशी आहे, ओला गुंडाळून ठेवला की येतेच. कोमट पाणी आणि साधा सौम्य साबण, मऊ स्पंजने पुसा, वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, आतला वॉटरप्रूफ थर सुटतो. डाग पूर्ण जातीलच असं नाही पण वास जाईल. पुढच्या वेळी घरी आल्या आल्या, आंघोळीच्याही आधी, टेंट गॅलरीत नाहीतर हॉलमध्ये पंख्याखाली पसरा, शिवणी हाताला पूर्ण कोरड्या लागल्या की मगच घडी घाला. बुटांमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि ओले झाले की बदलत राहा.