शेवेचा कारखाना टाकताय? आधी हे बघा
अरे भाऊ, इंदूरच्या पालदा औद्योगिक भागात शेड घ्यायच्या आधी उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) करून टाक, आधारवर होतं आणि एक पैसा लागत नाही, एजंट हजार-दोन हजार मागतात ते अजिबात देऊ नको. मग मध्य प्रदेश सरकारची मुख्यमंत्री उद्यम क्रांती योजना बघ, मॅन्युफॅक्चरिंगला 1 ते 50 लाखांचं लोन आणि व्याजात 3 टक्के सूट, जास्तीत जास्त 7 वर्षं. पण फक्त नव्या युनिटला हं! लोन देणार बँकच, सरकार नाही, म्हणून प्रोजेक्ट रिपोर्ट नीट कर, भट्टी, शेव काढायचं मशीन, पॅकिंग मशीन, सगळ्यांचं जीएसटीवालं कोटेशन लाव. आणि हप्ते चुकवू नको बाबा, खातं एनपीए (म्हणजे थकीत कर्ज) झालं की त्या काळातली सूट गेलीच.