वाचकांचे प्रश्न : तारेतील निम्मी ऊर्जा गेली कुठे?

प्रश्न : छताला बांधलेल्या तारेला वजन टांगले की ते किंचित खाली येते, म्हणजेच गुरुत्वबल कार्य करते. तारेत साठलेली ऊर्जा मात्र या कार्याच्या निम्मीच भरते. उरलेली निम्मी उष्णतेत जाते, असे आमच्या मार्गदर्शकात छापले आहे. ते बरोबर आहे का?
– अकरावी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी

उत्तर : छापलेले उत्तर एका विशिष्ट परिस्थितीत खरे आहे, ती परिस्थिती कोणती, हे सांगायचे राहून गेल्यामुळे घोटाळा होतो. २ मीटर लांबीची, १ मिलिमीटर व्यासाची पोलादी तार घ्या. तिला १० किलोचे वजन टांगले, तर ती सुमारे सव्वा मिलिमीटर लांबते. वजनाचे बल ९८ न्यूटन असल्याने गुरुत्वबलाचे कार्य सुमारे ०.१२ ज्यूल होते. तारेतील ताण मात्र शून्यापासून वाढत वाढत शेवटी ९८ न्यूटनवर पोहोचतो, म्हणजे सरासरी ४९ न्यूटन. म्हणून तारेत ०.०६ ज्यूलच साठतात.

आता वजन तळहातावर पेलून सावकाश खाली आणा. आरंभी सगळा भार हातावर असतो, शेवटी काहीच उरत नाही. हाताचे बल वरच्या दिशेने आणि वजनाचे सरकणे खालच्या दिशेने, त्यामुळे हाताने केलेले कार्य ऋण असते, आणि ते बरोबर उणे ०.०६ ज्यूल भरते. हिशेब इथेच जुळतो. त्यासाठी तार तापावी लागत नाही.

हात झटकन काढून घेतला, तर गोष्ट निराळी. सव्वा मिलिमीटरवर ताण वजनाइतका होतो खरा, पण तोवर वजनाला वेग आलेला असतो आणि राहिलेले ०.०६ ज्यूल गतिज ऊर्जेच्या रूपात त्याच्यापाशीच असतात. त्या जोरावर ते अडीच मिलिमीटरपर्यंत उतरते, तिथे ताण क्षणभर दुप्पट, म्हणजे १९६ न्यूटन होतो, आणि मग वजन सेकंदाला सुमारे १४ वेळा वर-खाली होऊ लागते. हवेच्या रोधामुळे आणि तारेतील अंतर्गत घर्षणामुळे ही आंदोलने विरतात, तेव्हा कुठे ती ऊर्जा उष्णतेत जाते. मार्गदर्शकातील वाक्य आहे ते या परिस्थितीचे.

तारेचे लांबणे मोजणाऱ्या सर्लच्या उपकरणावर अर्ध्या किलोच्या चकत्या अलगद ठेवण्याची ताकीद मिळते, ती अशा क्षणिक जादा ताणामुळे, कारण त्याने तार स्थितिस्थापक मर्यादेपलीकडे, म्हणजे पुन्हा मूळ लांबीवर न येण्याइतकी, ताणली जाऊ शकते. चकती आदळून ठेवलीत, तर उपकरणाच्या पाणसळीतला बुडबुडा थरथरताना दिसेल.