दारव्ह्याजवळच्या खेड्यातला मेकॅनिकल इंजिनिअर आहे. म्युनिक आणि लाइपझिग, दोन्हीकडून नोकरी आहे. घरीही पैसे पाठवायचे आहेत. कुठे राहावं?

भाऊ, मी सरळ लाइपझिग म्हणेन. म्युनिकचा पगार थोडा जास्त असेलही, पण घरभाड्यात ते जर्मनीतलं सगळ्यांत महागडं शहर. वरचे पैसे तिथेच जिरतील. घराच्या जाहिरातीतला भाड्याचा मोठा आकडा बहुतेकदा हीटिंग सोडून असतो, तो खर्च धरूनच हिशोब करा. अनामतही तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी मागतात.

घर कितीही स्वस्त असो, मालक पत्त्यासाठी लेखी द्यायला तयार नसेल तर घेऊच नका. राहायला गेल्यापासून १४ दिवसांत पालिकेत पत्ता नोंदवावा लागतो, आणि पुढचा कर क्रमांक त्यावरच अडतो.

डिसेंबरात तिथे सकाळी आठनंतर उजाडतं आणि दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. आपल्याकडे बाया कापूस वेचून ज्या वेळेला घरी परततात, तिथल्या घड्याळात त्याआधीच अंधार! ही मनाची तयारी खरंच करून जा. एकटेपणा वाटला तर बर्लिन रेल्वेने सव्वा तासावर आहे.

जर्मन मात्र आत्ताच, गावी असतानाच सुरू करा. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांचा काम-परवाना, मिळालं आणि जर्मनची बी-१ ही मधली पातळी झाली, तर २१ महिन्यांनी कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. ए-१ या पहिल्या पातळीवर थांबलात तर २७.