अडॅप्टर मोठा घेतला तर आर्डुइनो रिसेट व्हायचं थांबेल का?

तुम्ही लिहिलंय की चिकोडीजवळच्या मळ्यात विहिरीची मोटार मोबाईलवरून चालू-बंद करायची आहे. १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर आर्डुइनो उनोच्या (प्रोग्रॅम टाकून चालवायचा छोटा बोर्ड) गोल जॅकला लावलाय, आणि चार रिलेचा (विजेवर चालणारे स्विच) बोर्ड व सिम८००एल (सिम घालून फोन घेणारा मॉड्यूल) दोन्ही उनोच्या ५ व्होल्ट पिनवर आहेत. फोन लागला की बोर्ड रिसेट होतो, म्हणून आता ५ अँपिअरचा अडॅप्टर घ्यायचा विचार आहे.

घेऊ नका, पैसे वाया जातील. मी निपाणीत मोटारींचं आणि पॅनेलचं काम करतो. रात्री थ्री फेज आली की उसाकडं पळायचं चुकावं म्हणून मोबाईलवरून मोटार चालवणारे असे डबे बरेच बसवलेत, आणि हा दोष सारखा बघतो.

अडॅप्टर कितीही मोठा असला तरी जॅकमधून आलेला करंट उनोवरच्या छोट्या रेग्युलेटरमधूनच पुढं जातो. तो १२ चे ५ करतो, म्हणजे उरलेले व्होल्ट उष्णता करून टाकतो. हिशोब करून बघा. एका रिलेच्या कॉइलला साधारण ७० मिलिअँपिअर, चारही ओढले की २८०. बोर्डाचे स्वतःचे ५० धरा. जॅकजवळच्या डायोडवर थोडे व्होल्ट पडून रेग्युलेटरवर सव्वासहा उरतात. ३३० मिलिअँपिअर गुणिले सव्वासहा व्होल्ट, झाले दोन वॅट. एवढ्याशा तुकड्याला, तेही उन्हात तापलेल्या पत्र्याच्या डब्यात, ते झेपत नाही. तो तापून स्वतःला बंद करतो आणि गार झाला की पुन्हा चालू होतो. माझा पहिला डबा असाच दहा-पंधरा मिनिटं चालून बंद पडायचा. रेग्युलेटरवर बोट टेकवलं तेव्हा कळलं, टेकवताच काढावं लागलं.

त्यावर सिम८००एल. नेटवर्कशी बोलताना तो क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतो. तो झटका अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपासचा, मल्टिमीटरवर दिसतसुद्धा नाही. पण तेवढ्यात ५ व्होल्टची लाईन खाली बसते आणि उनो रिसेट होतो.

अडॅप्टर आहे तोच ठेवा. त्याच्यापुढं एलएम२५९६ चिपचे दोन बक कन्व्हर्टर (फारसं न तापता व्होल्ट कमी करणारे छोटे बोर्ड) लावा. काहीही जोडायच्या आधी मीटर लावून त्यावरचा स्क्रू फिरवा आणि एक बरोबर ५ वर, दुसरा ४ व्होल्टवर आणा. पाचवाला उनोच्या ५ व्होल्ट पिनला आणि रिलेंना. जॅक मोकळा ठेवा. चारवाला फक्त सिम८००एलला, कारण त्याला ३.४ ते ४.४ व्होल्टच चालतात. त्याच्या पायांजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, वायर आखूड आणि जाड घ्या. सगळ्यांचे मायनस एकत्र जोडा. हे राहिलं की काहीच धड चालत नाही. आणि सिम २जी चालणारंच हवं, जिओचं त्यात लागणार नाही.

एक गोष्ट मात्र जपा. ५ व्होल्ट पिनवर संरक्षण काहीच नाही. तिथं चुकून १२ गेले तर बोर्ड गेलाच. प्रोग्रॅम टाकायला लॅपटॉप जोडताना ती ५ ची वायर काढून ठेवा. यूएसबीला ५०० मिलिअँपिअरचा फ्यूज आहे, पण तो लॅपटॉपकडून येणाऱ्या करंटपुरताच.

रिलेला इशारा देणाऱ्या उनोच्या पिनांचं म्हणाल तर रिले बोर्डावर ट्रान्झिस्टर असतो, त्यामुळं पिनवर ताण येत नाही. सुटा रिले मात्र कधी थेट पिनला लावू नका. एका पिनवर २० मिलिअँपिअरच्या आत राहावं. ४० ही शेवटची हद्द आणि सगळ्या पिना मिळून २००.

एवढं करूनही मोटार बंद होताना बोर्ड रिसेट झाला, तर दोष स्टार्टरच्या कॉइलचा. ती सुटताना मोठी ठिणगी मारते. त्या कॉइलला आरसी स्नबर (ठिणगी शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावा आणि बोर्डाच्या वायरी तिच्यापासून लांबून न्या. त्या पॅनेलमध्ये ४१५ व्होल्ट आहेत, तेव्हा हात घालण्याआधी मेन स्विच पाडून टेस्टरनं तिन्ही फेज तपासा.