राजदूत ३५० चे दोन्ही कार्बोरेटर एकसारखे कसे लावायचे?

राजदूत ३५० ही दोन सिलिंडरची मोटरसायकल, प्रत्येक सिलिंडरला वेगळा कार्बोरेटर. आयडलिंगला डावा सायलेन्सर फुसफुसत असेल आणि उजवा आधी उचलत असेल, तर दोन्ही स्लाइड (थ्रॉटल फिरवल्यावर कार्बोरेटरचं तोंड उघडणारे सरकते भाग) एकाच वेळी न उठता मागेपुढे उठताहेत. पण आधी पॉइंट (ठिणगी पाडणारे कॉन्टॅक्ट), टायमिंग (ठिणगीची वेळ) आणि प्लग तपासा. ते बिघडलेले असताना कार्बोरेटरला हात लावू नका.

व्हॅक्यूम गेज चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोकला उत्तम. या टू-स्ट्रोकला डोळे आणि बोटं पुरतात. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढा, दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडात एकेक बोट घालून स्लाइडला टेकवा आणि मित्राला थ्रॉटल अगदी सावकाश फिरवायला सांगा. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी हलल्या पाहिजेत. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही बोटाला कळतो. जी मागे राहते तिच्या केबलचा अॅडजस्टर थोडा वर घ्या. पूर्ण थ्रॉटलला दोन्ही सारख्या उघडतात का, हेही बघा.

मग फिल्टर बसवून, इंजिन गरम करून आयडल स्क्रू लावा. दोन्ही सायलेन्सरमागे तळहात धरा, झोत सारखा लागला पाहिजे. एअर-कूल्ड इंजिन आहे, त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यात हे काम भल्या सकाळीच करा. उभ्या गाडीचं इंजिन फार तापतं.

इंजिनला वंगणाचं तेल देणाऱ्या ऑइल पंपाची केबलही त्याच थ्रॉटल केबलमधून फुटते. म्हणून शेवटी पंपाची खूण जुळवाच. तेल कमी पडलं तर पिस्टन जाम होतो. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, आयडलिंग वाढलं तर केबल ताणली जातेय. तिची वाट बदला आणि मगच वर्धा रोडला काढा.